एल लाको: लोखंडाचा लाव्हा की गरम खाऱ्या पाण्याचे काम?

उत्तर चिलीतील आंतोफागास्ता प्रांतात, अर्जेंटिनाच्या सीमेलगत, एल लाको नावाचा ज्वालामुखींचा एक समूह आहे. त्याचा पायथाच समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० मीटरवर आणि पिको लाको हे शिखर ५,३०० मीटरच्या वर. या शिखराच्या उतारांवर आणि आसपास मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइड खनिजाचे सात साठे उघडे पडलेले आहेत: लाको नोर्ते, लाको सूर, सान व्हिसेन्ते आल्तो, सान व्हिसेन्ते बाहो, क्रिस्तालेस ग्रान्देस, रोदादोस नेग्रोस आणि लाकितो. सगळे मिळून सुमारे ५० कोटी टन खनिज आणि त्यात साधारण ६० टक्के लोह, असा अंदाज वर्षानुवर्षे दिला जातो. अगदी शुद्ध मॅग्नेटाइटमध्येही लोह ७२.४ टक्केच असते. म्हणजे इथल्या खनिजाचा पाचातला चार भाग निव्वळ मॅग्नेटाइट आहे.

जगाच्या लोखंडबाजारात मात्र एल लाकोला फारसे स्थान नाही. जगाचे बहुतेक लोहखनिज ऑस्ट्रेलिया, ब्राझील वगैरे ठिकाणच्या पट्टेदार लोहशिलांतून येते आणि त्या शिला प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेल्या आहेत. तो सारा गाळाचा मामला. एल लाकोचे नाव भूविज्ञानात गाजते ते एका भांडणामुळे. ज्वालामुखीच्या अंगावर एवढे लोखंड आले कसे? वितळलेल्या लोखंडी लाव्ह्यासारखे ते वाहून आले, की गरम खाऱ्या पाण्याने ते विरघळवून वर आणले आणि खडकात बसवले? साठ वर्षे उलटली तरी या प्रश्नावर एकमत नाही. माझे मत पाण्याच्या बाजूने झुकलेले आहे, पण ते कुठपर्यंत टिकते आणि कुठे थांबावे लागते हेही या प्रकरणात दिसून येते.

याच जातीचे साठे इतरत्रही आहेत. स्वीडनमधल्या किरुनाचा साठा तर या जातीचा नमुनाच मानला जातो. पण किरुनाचे वय १८० कोटी वर्षांहून जास्त. इतक्या काळात खडक दाबले गेले, तापले, त्यांची खनिजे बदलली आणि मूळ पुरावा बराचसा पुसला गेला. एल लाको जेमतेम २० लाख वर्षांचे आहे आणि जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एकात आहे. पावसाने काही धुऊन नेलेले नाही, माती साचलेली नाही, झाडोरा नाही. लोखंड ज्या रूपात बसले जवळपास त्याच रूपात ते आजही समोर आहे. प्रकरण म्हणून याहून स्वच्छ जागा मिळणे कठीण.

लाव्ह्याची खात्री

१९६१ साली चार्ल्स पार्क या अमेरिकी भूवैज्ञानिकाने इथल्या मॅग्नेटाइटच्या ‘प्रवाहा’चे वर्णन प्रसिद्ध केले आणि वादाला तोंड फुटले. त्याने जे पाहिले ते आजही तिथे जाणाऱ्या कोणालाही दिसते. काळ्या खडकाचा थर उतारावरून पसरलेला, त्याचा पृष्ठभाग कुठे दोरखंडासारखा पीळ पडलेला, कुठे खडबडीत ढेकळांचा. आत वायूच्या पोकळ्या. काही ठिकाणी वायू वर निसटून गेल्याच्या उभ्या नळ्या. ज्वालामुखीचा अभ्यास केलेल्या माणसाच्या तोंडून हे पाहताच ‘लाव्हा’ हाच शब्द निघणार.

इथला एक तुकडा हातात घेतला की पहिला धक्का वजनाचा बसतो. सच्छिद्र खडक हलका असायला हवा, अशी आपली सवय. हा मात्र भोके असूनही भलताच जड. साध्या ॲन्डेसाइट या ज्वालामुखी खडकाची घनता २.६ ते २.७ आणि मॅग्नेटाइटची ५.२, म्हणजे जवळजवळ दुप्पट. भिंगातून पोकळीच्या भिंतीकडे पाहिले तर तिथे बारीक, चकचकीत, आठ पृष्ठांचे स्फटिक पोकळीच्या आत तोंड करून उभे दिसतात. असे टोकदार, सुटे स्फटिक वाढायला मोकळी जागा लागते. म्हणजे पोकळी आधी तयार झाली आणि तिच्यातून वायू किंवा पाणी खेळत असताना हे स्फटिक तिच्या भिंतीवर बसले. लाव्हावादी म्हणतात, हे शेवटच्या वायूचे काम, मूळ खडक लाव्हाच. जलवादी विचारतात, भिंतीवरचे मॅग्नेटाइट वायूतून बसले हे मान्य असेल, तर भिंतच त्यातून बसली नसेल कशावरून? त्या एका तुकड्यात हा सगळा वाद आहे.

लाव्हावाद्यांची बाजू १९९०च्या दशकात यान ओलोव्ह न्युस्ट्रम आणि फर्नांडो एन्रिकेस यांनी नेटाने मांडली. त्यांचा भर खडकाच्या पोतावर होता. खांबासारखे, फांद्याफांद्यांचे, पातळ पत्र्यासारखे मॅग्नेटाइटचे स्फटिक वितळलेला पदार्थ झपाट्याने थंड होताना तयार होतात, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे नाही. पण द्रावण अचानक अतिसंपृक्त झाले तरी असेच स्फटिक वाढतात. स्फटिक किती घाईत वाढला एवढेच आकार सांगतो. तो वितळ्यातून वाढला की पाण्यातून, याची साक्ष आकार देत नाही. या वादात आकारावर जितका विश्वास टाकला गेला तितका टाकायला नको होता, असे मला वाटते.

वितळबिंदूची अडचण

शुद्ध मॅग्नेटाइट वितळायला सुमारे १,६०० अंश सेल्सिअस लागतात. ॲन्डेसाइट लाव्हा मात्र ९०० ते १,१०० अंशांच्या दरम्यान बाहेर पडतो. पृथ्वीवरचा कुठलाही आजचा ज्वालामुखी १,६०० अंशांच्या जवळपासही जात नाही. तेव्हा लोखंडी लाव्हा हवा असेल तर वितळबिंदू खाली आणणारा दुसरा काही पदार्थ त्यात मिसळलेला असायला हवा.

पहिला संशय फॉस्फरसवर, कारण या जातीच्या साठ्यांत ॲपटाइट हे फॉस्फेट खनिज हटकून सापडते. १९६७ साली फिलपॉट्सने प्रयोग करून दाखवले की दोन भाग मॅग्नेटाइट आणि एक भाग ॲपटाइट हे मिश्रण एकट्या मॅग्नेटाइटपेक्षा कमी तापमानाला वितळते. पण तेही १,४०० अंशांच्या वरच. शिवाय एल लाकोच्या पृष्ठभागावरील साठ्यांत ॲपटाइट एक-तृतीयांश सोडाच, त्याच्या आसपासही नाही. पाणी, फ्लोरीन, कार्बन, गंधक यांच्या मदतीने तापमान आणखी उतरवता येते, असे नंतरचे प्रयोग सांगतात. अलीकडे कार्बोनेट-सल्फेटयुक्त वितळ्याचाही विचार पुढे आला आहे. तो रोचक आहे, कारण एवढे पाणी, क्षार आणि सल्फेट सामावणारा वितळा आणि अतिखारट गरम द्रव यांच्यातली रेषा फारच पुसट होते.

दुसरी अडचण वजनाची. घनता ५च्या आसपास असलेला लोखंडी वितळा २.५ घनतेच्या शिलारसात बुडायला हवा. तो ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत वर कसा चढला? वायूच्या बुडबुड्यांनी तो हलका झाला, असे उत्तर दिले जाते. एकदा ते मान्य केले की बुडबुड्यांतल्या पाण्याचा वाटा किती, हा प्रश्न आपोआपच पुढे येतो.

पाणी लोखंड वाहते कसे

साध्या पाण्यात लोखंड जवळजवळ विरघळत नाही. पण पाणी ४०० ते ८०० अंश तापलेले असेल आणि त्यात क्लोराइड भरपूर असेल, तर चित्र बदलते. लोहाचा आयन क्लोराइडला धरून फेरस क्लोराइडच्या रूपात द्रवात राहतो. ग्रॅनाइटी आणि ॲन्डेसाइटी घुसखोरींच्या (खडकांत घुसून थिजलेल्या शिलारसाच्या) आसपासच्या क्वार्ट्झ स्फटिकांत असा द्रव सूक्ष्म थेंबांच्या रूपाने अडकलेला सापडतो आणि त्यात वजनाने काही टक्के, कधी दहा टक्क्यांच्याही वर लोह मोजले गेले आहे. म्हणजे वाहतुकीला वाहन आहे.

हे पाणी येते शिलारसातूनच. खोलवर दाबाखाली शिलारसात काही टक्के पाणी विरघळलेले असते. शिलारस वर येतो, दाब घटतो, निर्जल खनिजांचे स्फटिक बनू लागतात तसे उरलेल्या वितळ्यातले पाण्याचे प्रमाण वाढत जाते आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तसे पाणी बुडबुड्यांच्या रूपात वेगळे होते. क्लोरीन वितळ्यापेक्षा या पाण्यात जास्त रमते आणि त्याच्यामागोमाग लोहही जाते. पृष्ठभागाच्या जवळ आल्यावर या द्रवाचे पुन्हा दोन भाग होतात: एक जड, अतिखारट द्रव आणि दुसरी हलकी वाफ. लोह खारट द्रवासोबत खाली राहते. गंधकाचे वायू वाफेबरोबर वर जातात. एल लाकोच्या रचनेचा अर्धा उलगडा इथेच होतो, पण त्याकडे नंतर येतो.

द्रवातले लोह खाली बसण्याची मुख्य अभिक्रिया अशी आहे: फेरस क्लोराइडचे तीन रेणू आणि पाण्याचे चार रेणू मिळून मॅग्नेटाइटचा एक रेणू, हायड्रोक्लोरिक आम्लाचे सहा रेणू आणि हायड्रोजनचा एक रेणू. तापमान उतरले, आम्ल कुठेतरी खर्ची पडले किंवा वाफेवाटे निघून गेले की ही अभिक्रिया मॅग्नेटाइटच्या बाजूने सरकते. ज्वालामुखीच्या वाफमुखांवर हे प्रत्यक्ष घडताना दिसते. इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या वाफमुखांभोवती आरशासारखे चमकणारे हेमॅटाइट या लोहाच्या दुसऱ्या ऑक्साइडचे पत्रे बसतात आणि लोहाच्या क्लोराइडवर वाफेची अभिक्रिया होऊन ते बनतात, हे गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सांगितले होते. अलास्कातील १९१२च्या काटमाई परिसरातील महाउद्रेकानंतर जी वाफमुखांची दरी तयार झाली, तिथेही वाफमुखांच्या भिंतींवर मॅग्नेटाइट बसलेले नोंदले गेले. तेव्हा वाफ आणि पाणी लोखंड बसवू शकतात का, हा वादाचा मुद्दाच नाही. खरा प्रश्न एवढाच की ५० कोटी टन बसवू शकतात का.

थोडा हिशेब करून पाहू. साठ्यातले लोह सुमारे ३० कोटी टन. द्रवात वजनाने ५ टक्के लोह धरले तर ते आणायला सुमारे ६०० कोटी टन द्रव लागेल. शिलारसाच्या बाजूने मोजले, तर ॲन्डेसाइटमध्ये साधारण ५ टक्के लोह असते, म्हणजे एका घनमीटरमागे सुमारे १३५ किलो. त्यातले सगळे लोह काढता आले तर सव्वादोन घनकिलोमीटर शिलारस पुरेल. दहातला एकच भाग निघाला तर २२ घनकिलोमीटर लागेल. एका मध्यम ज्वालामुखीच्या पोटातल्या शिलारसाच्या मानाने हे मुळीच अवाजवी नाही.

मात्र त्याच अभिक्रियेत एक फार मोठे बिल दडलेले आहे, आणि बहुतेक वर्णनांत ते नीट मोजले जात नाही. मॅग्नेटाइटचा एक टन बसला की जवळपास ९४५ किलो हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळे होते. एल लाकोचे मॅग्नेटाइट ४० कोटी टनांच्या घरात धरले तर आम्लही तितक्याच घरातले, ३८ कोटी टनांच्या आसपास. एवढे आम्ल नुसते नाहीसे होत नाही. एक तर ते वाफेबरोबर हवेत गेले पाहिजे, नाहीतर त्याने आजूबाजूचा खडक खाल्ला पाहिजे. लोखंड वितळलेल्या लाव्ह्यातून आले असेल तर हे बिल येतच नाही. म्हणून खडक किती खाल्ला गेला आहे हे पाहणे ही दोन्ही पक्षांची खरी परीक्षा.

आणि खडक भरपूर खाल्ला गेलेला आहे. एल लाकोत खालून वर जाताना तीन थर लागतात. सर्वांत खाली ॲन्डेसाइटची मूळ खनिजे जाऊन त्यांच्या जागी हिरवट डायोप्साइड, स्कॅपोलाइट, अँहायड्राइट आणि विखुरलेले मॅग्नेटाइट आले आहे. स्कॅपोलाइट हे क्लोरीन आपल्या संरचनेत सामावून घेऊ शकणारे खनिज आहे, त्यामुळे खारट द्रव ज्या खडकातून गेला तिथे ते सापडावे यात नवल नाही. त्यावर मॅग्नेटाइटचे भरीव साठे. आणि सर्वांत वर, पृष्ठभागाजवळ, पांढरट, भुसभुशीत, आम्लाने पोखरलेला खडक, त्यात जिप्सम, ॲल्युनाइट आणि उरलीसुरली सिलिका. खारट द्रव खाली, गंधकाची वाफ वर, ही वर सांगितलेली वाटणी इथे खडकातच लिहिलेली दिसते. आम्लाच्या बिलाची पै-पै जुळते असे मी म्हणणार नाही, कारण वरच्या थरातले आम्ल मुख्यतः गंधकाचे आहे. पण एवढ्या विस्तृत प्रमाणावर खडक बदललेला असताना पाण्याला फक्त शेवटच्या हाताचा मान देणे मला पटत नाही.

जुन्या लाव्ह्याचा साचा

१९९०च्या दशकाच्या अखेरीस नेओमी ओरेस्केस, एमी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली. (विज्ञानाच्या इतिहासकार म्हणून पुढे जगभर नाव झालेल्या ओरेस्केस त्या याच. सुरुवात खाणीच्या खडकांपासून झाली होती.) त्यांचे म्हणणे असे: वायूच्या पोकळ्या, पीळ, प्रवाहाचा आकार हे सगळे खरे आहे, पण ते ॲन्डेसाइट लाव्ह्याचे आहे. लाव्हा आधी वाहिला, थंड झाला. नंतर गरम द्रवाने त्याची खनिजे कणाकणाने काढून त्या जागी मॅग्नेटाइट बसवले. साचा जुना, माल नवा.

यावर लाव्हावाद्यांचा आक्षेप दमदार आहे. कणाकणाने बदल झाला असेल तर ॲन्डेसाइट आणि मॅग्नेटाइट यांच्यामध्ये हळूहळू बदलत जाणारा पट्टा सगळीकडे दिसायला हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सीमा एखाद्या रेघेसारखी तीक्ष्ण आहे. शिवाय मूळ खडकातले ॲल्युमिनियम गेले कुठे? सिलिका एक वेळ पाण्यात वाहून जाईल, पण ॲल्युमिनियम अशा द्रवात सहसा हलत नाही. भरीव मॅग्नेटाइटमध्ये ते अगदी नगण्य आहे.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सगळा साठा केवळ कणाकणाच्या बदलाने झाला असे म्हणणे मग अवघड जाते. पण पाण्याला लोखंड बसवायला दरवेळी जुना खडक काढावाच लागतो असे नाही. उद्रेकाने फुटलेला खडक, राखेचे सच्छिद्र थर, भेगा, तुकड्यांमधल्या फटी, वायूच्या पोकळ्या, या साऱ्या रिकाम्या जागा आयत्या मिळतात. तिथे मॅग्नेटाइट भरले तर ॲल्युमिनियम हलवायची गरज नाही आणि सीमाही तीक्ष्णच राहील. क्रिस्तालेस ग्रान्देस इथे तर भेगेत मोठमोठे स्फटिक वाढलेले सरळ दिसतात आणि तिथे पाण्याची भूमिका फारसे कोणी नाकारत नाही.

लेझरखालचे मॅग्नेटाइट

२०१५ मध्ये सारा डेअर, सारा-जेन बार्न्स आणि जॉर्ज बोदवँ यांनी पोताचा वाद बाजूला ठेवून मॅग्नेटाइटलाच प्रश्न विचारला. लेझरने स्फटिकाचा सूक्ष्म भाग उडवायचा आणि त्यातली अल्पमात्र मूलद्रव्ये मोजायची. शिलारसात वाढलेल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम, ॲल्युमिनियम, क्रोमियम भरपूर असतात, कारण वितळ्यात ती हाताशी असतात. पाण्यात ही मूलद्रव्ये फारशी हलत नाहीत, म्हणून पाण्यातून बसलेल्या मॅग्नेटाइटमध्ये ती कमी पडतात. शिवाय निकेल पाण्यात क्रोमियमपेक्षा सहज जाते, त्यामुळे या दोहोंचे गुणोत्तरही बोलके ठरते.

एल लाकोच्या ‘लाव्हा’ मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम, ॲल्युमिनियम, क्रोमियम सगळेच कमी निघाले आणि निकेल क्रोमियमच्या मानाने जास्त. एकेका स्फटिकात आतून बाहेर आळीपाळीने बदलत जाणारे रासायनिक पट्टेही दिसले. असे पट्टे बदलत्या द्रवातून थराथराने वाढणाऱ्या स्फटिकात अपेक्षित असतात. शिलारसाच्या तापमानाला मॅग्नेटाइटमधली मूलद्रव्ये इतक्या वेगाने इकडेतिकडे सरकतात की बारीक पट्टे फार काळ टिकणारच नाहीत. माझ्या दृष्टीने पृष्ठभागावरील साठ्यांबाबत हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. आकार उसना घेता येतो, स्फटिकाच्या आतली मूलद्रव्ये मात्र उसनी आणता येत नाहीत.

पण पुढच्याच वर्षी फर्नांडो टोर्नोस, फ्रान्सिस्को व्हेलास्को आणि जॉन हँकर यांनी ॲन्डेसाइटच्या स्फटिकांत अडकलेल्या वितळ्याच्या सूक्ष्म थेंबांकडे लक्ष वेधले. त्यांत लोहसमृद्ध आणि सिलिकासमृद्ध असे दोन वितळे शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता राहिलेले दिसले. म्हणजे एल लाकोच्या पोटात लोखंडाने भरलेला वितळा होता. हा पुरावा झटकून टाकता येत नाही. आणि मग २०१८ मध्ये ओव्हाये आणि सहकाऱ्यांनी खोल वेधछिद्रांतले नमुने तपासले तेव्हा दोन्ही पक्षांना थोडे थोडे मिळाले: खोलवरच्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम जास्त, इल्मेनाइट या टायटॅनियमयुक्त लोहखनिजाच्या बारीक पट्ट्या, म्हणजे ते शिलारसाच्या तापमानाला वाढलेले, वर येऊ लागले तसे टायटॅनियम घटत जाते आणि पृष्ठभागाजवळचे मॅग्नेटाइट पाण्याच्या खुणा दाखवते.

त्यांनी मांडलेले चित्र असे आहे. शिलारसात मॅग्नेटाइटचे बारीक स्फटिक आधीच बनलेले होते. पाण्याचे बुडबुडे सुटू लागले तेव्हा ते या स्फटिकांना चिकटले, स्फटिकांसकट वर चढले आणि वाटेत द्रवात आणखी लोह विरघळत गेले. ज्वालामुखीचा माथा खचला, दाब एकदम उतरला आणि हा सगळा काळा, खारट, वाफाळता लगदा भेगांतून पृष्ठभागाकडे फेकला गेला. हे मान्य केले तर तीक्ष्ण सीमा, वाहिल्याच्या खुणा, वायूच्या नळ्या आणि पाण्याची रासायनिक मोहोर हे सगळे एकत्र नांदू शकते. वाहणारी वस्तू वितळाच असावी लागते, ही गृहीत धरलेली गोष्टच इथे गळून पडते.

ऑक्सिजन आणि लोहाच्या समस्थानिकांचा आधार दोन्ही बाजू घेतात. ते शिलारसाशी नाते दाखवतात, यात शंका नाही. पण शिलारसातून निघालेल्या पाण्याची मोहोरही शिलारसाचीच असते. लोखंडाचे घराणे त्यातून कळते, कोणत्या वाटेने ते आले हे कळत नाही.

ग्रॅनाइटातले लोखंड

एल लाकोतून काढलेला निष्कर्ष ज्वालामुखीपुरताच आहे का, हे तपासायला ग्रॅनाइटाच्या कुटुंबातली एक जागा उपयोगी पडते: अमेरिकेतील यूटा राज्याचा आयर्न स्प्रिंग्ज भाग. इथे सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वी ग्रॅनाइटसदृश शिलारस जुरासिक चुनखडीखाली घुमटाच्या आकारात घुसला. आयर्न माउंटन, ग्रॅनाइट माउंटन आणि थ्री पीक्स असे त्याचे तीन घुमट. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट बसले ते घुमटाला टेकलेल्या चुनखडीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते खणले जात आहे.

हूवर मॅकिन या भूवैज्ञानिकाने इथे जे दाखवले ते एल लाकोत दाखवता येत नाही. घुमटाचा बाहेरचा कवच आधी घट्ट झाला. आतला भाग फुगला तसे त्याला सांधे पडले आणि आत अडकलेले गरम पाणी त्या सांध्यांतून बाहेर निघाले. सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडकाची पट्टी फिकट पडलेली दिसते. त्या पट्टीतली बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड ही लोहयुक्त खनिजे कुजून गेली आहेत, म्हणजे त्यांच्यातले लोह निघून गेले आहे. सांध्याच्या मध्यभागी मात्र मॅग्नेटाइटची शीर. लोखंड कुठून निघाले, कोणत्या वाटेने गेले आणि कुठे बसले, हे तिन्ही एकाच दरडीत बोट ठेवून दाखवता येते. इथे कोणी लोखंडी लाव्ह्याची भाषा केली नाही, कारण तशी गरजच नाही.

आम्लाचे बिल इथे कोणी भरले? चुनखडीने. आम्ल तिला भेटताच खर्ची पडते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मॅग्नेटाइट जागच्या जागी बसते. एल लाकोच्या ॲन्डेसाइटला तेच काम जास्त कष्टाने करावे लागले, म्हणून तिथे बदललेल्या खडकाचा पसारा इतका मोठा आहे.

ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅम ही तिसरी तऱ्हा. तिथे सुमारे १५९ कोटी वर्षांपूर्वीच्या रॉक्सबी डाउन्स ग्रॅनाइटचा चुरा होऊन त्याच्या तुकड्यांच्या फटींत, आणि पुढे तुकड्यांच्याही जागी, लोहाची ऑक्साइडे बसली. खोलवर आणि कडेला मॅग्नेटाइट, वर आणि मध्यभागी हेमॅटाइट, कारण वर येताना द्रव थंड आणि जास्त ऑक्सिडीकारक होत गेला. त्या लोखंडाला तिथे कोणी विचारत नाही. खाण चालते ती त्याच्यासोबत बसलेल्या तांबे, युरेनियम, सोने आणि चांदी यांच्यावर.

खनिज शोधणाऱ्याला या फरकाचा व्यवहारी उपयोग आहे. मॅग्नेटाइट जड आहे आणि चुंबकीयही, त्यामुळे ते गुरुत्वमापनात दिसते आणि चुंबकमापनातही. हेमॅटाइट जड आहे पण जवळजवळ अचुंबकीय, म्हणून ते फक्त गुरुत्वाच्या नकाशावर उमटते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहिले आणि गुरुत्वाचा उंचवटा उथळ तर चुंबकीय उंचवट्याचा उगम खोल निघाला, तर वर हेमॅटाइट आणि खाली मॅग्नेटाइट अशी उभी रचना गृहीत धरून वेधन आखता येते. ऑलिंपिक डॅमवर १९७५ साली वेस्टर्न मायनिंग कंपनीने आरडी-१ हे पहिले छिद्र घेतले तेव्हा गुरुत्वाच्या उंचवट्याखाली बेसाल्ट असेल आणि त्यातून निघालेले तांबे वरच्या गाळाच्या खडकात मिळेल, असा अंदाज होता. बेसाल्ट निघाला नाही. तीनशेहून अधिक मीटर निरुपयोगी गाळाचे थर ओलांडल्यावर ३५३ मीटरपासून पुढे ३८ मीटर जाडीच्या पट्ट्यात सरासरी १.०५ टक्के तांबे लागले, आणि नकाशावरचा तो जडपणा ग्रॅनाइटाच्या चुऱ्यात गरम पाण्याने भरलेल्या लोखंडाचा निघाला.